कुरतडलेल्या पानाचा मार्का

मी एक जुना पत्र्याचा मार्का आहे. मार्का म्हणजे काय, असे तुमच्यापैकी पुष्कळजण विचारतील, कारण माझ्या वयाचे मार्के आता रत्नागिरीत फारसे उरलेले नाहीत. मित्रांनो, आंब्याची लाकडी पेटी भरून फळ्या ठोकून झाल्या, की तिच्या अंगावर बागेची खूण उठवायची असे. त्यासाठी पत्र्यात चित्र आणि नाव कापून काढत. तो पत्रा पेटीवर धरायचा, वरून रंगाचा बोळा फिरवायचा आणि पत्रा उचलायचा. कापलेल्या जागी खूण उमटलेली असे. तो पत्रा म्हणजे मी. माझ्या पोटात एक आंबा आहे, आंब्याला एक पान आहे आणि खाली बागेचे नाव.

जन्माने मी तेलाचा डबा. रत्नागिरीजवळच्या गोळप गावच्या कातळात खड्डे फोडून, त्यांत दुरून माती आणून टाकून बागेच्या मालकांनी, म्हणजे आप्पांनी, हापूसची कलमे लावली होती. त्यांना पहिला आंबा धरला, तेव्हा आप्पा घरातला रिकामा डबा घेऊन शहरात रॉकेलच्या चिमण्या आणि चाळण्या करणाऱ्या एका कारागिराकडे गेले. त्याने डबा उलगडला, खिळ्याने चित्र ओढले आणि बारीक छिन्नीने मला कापले. पान जरा मोठे काढ, एवढेच आप्पा पुन्हा पुन्हा सांगत होते.

ते दिवस आठवले की अजून हिरमजीचा वास येतो. हिरमजीची तांबडी पूड जवसाच्या तेलात कालवत आणि त्या रंगात बोळा बुडवत. पेट्या बैलगाडीने बंदरावर जात आणि तिथून बोटीने मुंबईला. पुढे बोट बंद झाली आणि ट्रक आले. मी स्वतः मुंबई कधी पाहिली नाही, पण माझा छाप दर हंगामात जाऊन येत असे. तिथला दलाल पेटी न उघडता, नुसता माझ्या छापाकडे बघून भाव सांगे, असे आप्पा मोठ्या समाधानाने सांगत. आंबा कुणी खाल्ला, ते मात्र आम्हांला कधीच कळत नसे. दलालाच्या पलीकडचे जग आमच्या घरात कुणी पाहिलेले नव्हते.

कुसुम या घरात सून म्हणून आली, तेव्हा एकोणीस वर्षांची होती. हंगाम संपला की मला रॉकेलने पुसून माळ्यावर ठेवण्याचे काम तिच्याकडे आले. पहिल्याच वर्षी मी तिच्या हातून पायरीवर पडलो आणि जरा वाकलो. कुणी बघायच्या आत सरळ करावे म्हणून तिने मला पाट्यावर ठेवले आणि वरवंट्याने ठोकले. मी सरळ झालो खरा, पण पानाच्या कडेचा पत्रा आत दुमडून बसला. तेव्हापासून माझ्या छापातले पान कुरतडल्यासारखे उमटते. कुसुम दोन दिवस घाबरून होती. शेवटी आप्पांच्या ते लक्षात आलेच. त्यांनी मला उजेडात धरून पाहिले.

“राहू दे,” ते म्हणाले. “बागेत तरी कुठलं पान शाबूत असतं?”

त्यानंतर पन्नास वर्षे माझा छाप त्या कुरतडलेल्या पानासह मुंबईला जात राहिला. आप्पा गेले. कुसुमचे यजमानही गेले. मुलगा यज्ञेश मुंबईत एका हॉटेलात नोकरी करू लागला. बाग एकट्या कुसुमने सांभाळली. पेट्यांवर मला धरणारा हात आता तिचाच होता.

मग ते वर्ष आले. मार्चमध्ये सगळा देश घरात बसला. यज्ञेशचे हॉटेल बंद पडले आणि तो गावी परतला. एप्रिलमध्ये दलालाचा फोन आला, की बाजार कधी चालू असतो, कधी बंद, गाड्यांचा भरवसा नाही, तेव्हा माल पाठवू नका. पण माणसांना घरात बसवता येते, झाडावरच्या आंब्याला नाही. तो आपल्या वेळेला तयार होत होता. पेट्या करणारेही बंद होते. यंदाचा आंबा असाच गळून गेला, तर बाग दहा वर्षांच्या कराराने एका व्यापाऱ्याला देऊन टाकायची, असे यज्ञेशने मनाशी ठरवले होते. तो व्यापारी दोनदा येऊनही गेला होता. व्यापारी गेला की कुसुम उगाचच बागेत एक फेरी मारून येई.

तेवढ्यात सरकारने बागायतदारांना थेट ग्राहकाच्या दारात माल पाठवायला मोकळीक दिली, आणि एसटीच्या गाड्या माल वाहू लागल्या. यज्ञेशने मुंबई-पुण्याच्या ओळखीच्या लोकांना मोबाइलवर निरोप पाठवले. पुठ्ठ्याची खोकी मिळाली. पुठ्ठ्यावर मी पहिल्यांदाच टेकलो. रंग थोडा पसरला, पण पान उमटले.

आणि इथे आमच्या हातून मोठी चूक झाली. साठ वर्षे आम्ही आंबा दलालाला पाठवत होतो. तो चौदा आणे तयार झाला की काढायचा, म्हणजे पुरता भरलेला पण हिरवा आणि टणक. तो पेंढ्यात भरायचा आणि पुढचे दलालाने बघायचे. यंदाही तसेच केले. खाणाऱ्याला काही सांगावे लागते, हे घरात कुणाच्या डोक्यातच आले नाही.

चौथ्या दिवशी फोन सुरू झाले. आंबे दगडासारखे आहेत, आंबट आहेत, फसवणूक आहे. पुण्याच्या एका सोसायटीतल्या अपूर्वा नावाच्या मुलीने तर तीन आंबे चिरून त्यांचे फोटो पाठवले. यज्ञेशने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि आईला सांगितले, की हे आपले काम नव्हे, उद्या त्या व्यापाऱ्याला बोलावतो. कुसुमने हात पुसले आणि तो मोबाइल उचलला.

“पेटी उघडलीत कधी?” तिने अपूर्वाला विचारले.

“आली तेव्हाच.”

“अगो, मग आंब्याचा काय दोष? तो अजून निजलेला आहे. प्रवासातून आलेल्या पाहुण्याला दारातच गाणं म्हणायला लावशील काय? उरलेले पेंढ्यात झाक आणि खोका पलंगाखाली सरकव. फ्रीजमध्ये नको. घरभर वास सुटला की मग उघड. आधी उघडलास तर मला कळेल.”

“तुम्हांला कसं कळेल?”

“तूच पुन्हा भांडायला फोन करशील.”

पलीकडे ती मुलगी हसली. मग कुसुमने यादी समोर घेतली आणि एकेका घरी फोन लावला. दोन दिवस तिचा घसा बसला होता. काहींनी ऐकले, काहींनी फोन ठेवून दिला. त्यानंतरचे पाच दिवस सगळे फोनची वाट पाहत होते. व्यापाऱ्याला मात्र यज्ञेशने बोलावले नाही.

सहाव्या दिवशी अपूर्वाचा फोन आला. सकाळी वासानेच जाग आली, असे ती म्हणाली. तिला आणखी पेट्या हव्या होत्या, शेजाऱ्यांनाही हव्या होत्या. आणि एक विचारायचे होते.

“आजी, त्या खोक्यावरचं पान कुणी खाल्लं हो? पाच दिवस पलंगाखाली डोकावून तेच बघत होते.”

कुसुमने तिला पाट्याची आणि वरवंट्याची गोष्ट सांगितली. पन्नास वर्षांत ती तिने कुणालाच सांगितली नव्हती.

मित्रांनो, बाग राहिली. यज्ञेशही राहिला. पुढे बाजार उघडले, दलालाचे फोन पुन्हा येऊ लागले, पण निम्मा आंबा आता घरोघरी जातो. यज्ञेशने एका सरकारी योजनेतून कर्ज काढून पॅकिंगची शेड बांधली आणि गुळगुळीत रंगीत खोकी छापून आणली. चित्र माझेच होते, पण छापणाऱ्याने पान दुरुस्त केले होते. मला शेडमधल्या एका खिळ्याला अडकवले. पावसाळ्यात माझ्या कडांना गंज धरला. कुसुमचे गुडघे धरले होते, ती शेडकडे फारशी येत नसे. कुणी आपल्याला पुसतही नाही, हे दुःख वस्तूंनाही असते.

गेल्या हंगामात नव्या खोक्यांतला पहिला माल पुण्याला पोचला आणि अपूर्वाचा फोन आला. तिच्या सोसायटीतली तीस खोकी फाटकापाशी तशीच ठेवली होती, कुणी हात लावत नव्हते. बाहेरून आणलेला आंबा रत्नागिरीचा म्हणून विकणारे फार झाले होते.

“आजी, ही पेटी तुमची नाही,” ती म्हणाली. “पान अख्खं आहे.”

यज्ञेशने समजावले, की खोक्यावर तपासायचा कोड आहे. तो कुणीही छापेल, असे तिचे म्हणणे. कुसुमने त्याच्याकडून मोबाइल घेतला.

“आमचीच आहे,” ती म्हणाली. “पण तू म्हणतेस ते बरोबर. खोकी घरात ने, पलंगाखाली ठेव. वास आला नाही तर सगळी परत पाठव.”

मग काठी टेकत ती शेडमध्ये आली. मला खिळ्यावरून काढून तिने मांडीवर घेतले. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून टर्पेंटाइनच्या फडक्याने माझे एकेक अक्षर पुसले. यज्ञेशने समोर बसून रंग कालवला. मला उलटसुलट करून पाहत तो म्हणाला, की ही दुमडलेली कड पकडीने सरळ करून देऊ का?

कुसुमने मला त्याच्या हातातून काढून घेतले.

पुण्याची खोकी परत आली नाहीत. आता आमच्या प्रत्येक खोक्यावर दोन पाने असतात, छापखान्याचे अख्खे आणि शेजारी तांबडे, कुरतडलेले. लोक दुसरे पाहून पेटी घरात घेतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे कुणीतरी खिळ्याला लटकत असेल. त्याला खाली काढा, पुसा, गंज चढू देऊ नका. फक्त पुसताना दुमडलेल्या कडेपाशी हात हलका ठेवा. ती सरळ करू नका.