गिळलेला निरोप

तान्ह्या पोराच्या डोक्यावर पाणी ओतून त्याला देवाच्या हवाली करायचं, हे आम्हा आमिश ख्रिस्ती लोकांना कधीच पटलेलं नाही. पोराला काय कळतंय? मोठं होऊ दे, जग बघू दे, मग स्वतःच्या तोंडाने हो म्हणू दे. एवढ्या एका गोष्टीपायी आमच्या पूर्वजांनी युरोपात जीव गमावले, आणि तो अभिमान ओहायोतल्या या टेकड्यांवर अजून घराघरात आहे. नियम सरळ आहे. बाप्तिस्म्याआधी पोरगं निघून गेलं, तर आई चार दिवस डोळे पुसते आणि नाताळात ते आम्हाला वर्ज्य असलेल्या मोटारीतून आलं की त्याला पोटभर वाढते. बाप्तिस्मा घेऊन मग गेलं, तर ते वाळीत. म्हणून म्हातारे सांगतात, शब्द देऊन मोडण्यापेक्षा न दिलेला बरा. ऐकायला छानच वाटतं.

सलोमा एर्बला हे सगळं तोंडपाठ होतं, कारण तिचा बाप लीव्हाय, आमच्या बोलीत तिचा डॅट, मंडळीचा डीकन होता. कोणाचं पाऊल वाकडं पडलं की त्याच्या दारात जाऊन समज द्यायची आणि बाप्तिस्म्याच्या वेळी बिशपच्या ओंजळीत पाणी ओतायचं, ही त्याची कामं. माणूस सज्जन. कधी आवाज चढवला नाही, गुरावरसुद्धा हात उगारला नाही. अशा माणसाची पंचाईत ही, की त्याच्यावर संशय घ्यायचं कोणाच्या मनातच येत नाही.

सलोमाचं मन मात्र दोन्हीकडे ओढ घ्यायचं. टेकडीपलीकडे ग्वेन नावाची सुईण राहायची. ती इंग्लिश, म्हणजे आमच्यातली नव्हे, पण आमच्या निम्म्या पोरांची नाळ तिनेच कापलेली. सलोमा तिच्या हाताखाली बाळंतपणांना जायची. पोरीचा हात हलका, डोकं थंड. ग्वेनने तिला सरळ सांगितलं होतं, माझ्याकडे राहायला ये, तुला शिकवते, परीक्षेला बसवते. पण आमच्याकडे आठवीपुढे शाळा नाही, आणि बाप्तिस्मा घेतला की कॉलेजाचं नावच काढायचं नाही. ग्वेनकडे जायचं तर आधीच जायला हवं होतं.

आणि दुसरीकडे डेल्बर्ट निस्ली. बग्गीची चाकं बनवायचा, हसरा, गोडबोल्या. वसंतात तो म्हणाला, आपण दोघं एकदमच गुडघे टेकू आणि नोव्हेंबरात लग्न करू. दोघांचा बाप्तिस्मा झाल्याशिवाय लग्न नाही, हे काही सांगायला नको. सलोमाने उन्हाळाभर विचार केला, बिशपच्या शिकवणीला बसली, आणि एक दिवस जाऊन ग्वेनला नाही म्हणून आली. ग्वेनला फार लागलं, पण ती बाई एवढंच म्हणाली की निर्णय तुझा आहे, मी कोण बोलणार.

आता कोणी म्हणेल, देवाला द्यायचा शब्द पोरीने पोराच्या नादाने दिला. दिला की. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी तसाच दिलाय आणि संसार सुखाचे झालेत. प्रेमापायी घेतला म्हणून निर्णय खोटा होत नाही. खोटा होतो तो वेगळ्याच गोष्टीने.

बाप्तिस्म्याच्या आदल्या दुपारी बिशपने सगळ्या मुलामुलींना बोलावून शेवटचं विचारलं. अजूनही मागे फिरायचं असेल तर फिरा, कोणी बोट दाखवणार नाही. डेल्बर्ट तिथे होता. सलोमाकडे बघून हसलासुद्धा. मग ती शेजारच्या घरी गेली, कारण दुसऱ्या दिवशीची उपासना तिथल्या कोठारात होती आणि बायकांना भाकऱ्या, लोणी, लोणची, सगळं मांडायचं होतं. रात्री ती तिथेच झोपली.

सकाळी मुली माजघरातून एका रांगेत कोठारात आल्या आणि पुढच्या बाकावर मान खाली घालून, तोंड हाताने झाकून बसल्या. ही आमची रीत. नम्रता म्हणून. इकडेतिकडे बघायचं नाही. मुलांची रांग पलीकडे. बिशप प्रत्येकाला विचारत होता, हे तू स्वतःच्या मर्जीने करतोस ना? मुलं तोंडातल्या तोंडात हो म्हणत होती, सगळ्यांचे आवाज सारखेच घोगरे. सलोमाला त्यातला एक डेल्बर्टचा वाटला. तिची पाळी आली तेव्हा तिने गुडघे टेकले आणि स्वच्छ आवाजात हो म्हटलं. डोक्यावरची टोपी कोणीतरी काढली, बापाने पाणी ओतलं, ते बिशपच्या ओंजळीतून तिच्या केसांत उतरलं. बिशपच्या बायकोने हात धरून तिला उठवलं आणि गालाचं चुंबन घेतलं. मग तिने वर पाहिलं. मुलांच्या रांगेत डेल्बर्ट नव्हता.

तो पहाटेच घर सोडून निघाला होता, कोलंबसला, कुठल्याशा बांधकामावर. मंडळीने च्‌च्‌ केलं, बिचारी सलोमा म्हणाली आणि पुढच्या रविवारी विषय बदलला. सलोमाने कोणासमोर डोळ्यांत पाणी आणलं नाही. दोन ओळींचा निरोप द्यायचीही आपली लायकी नव्हती का, हेच तिला आतून खात राहिलं. बाप त्या हिवाळ्यात तिच्याशी फार मायेने वागला. लाकडं स्वतः फोडून द्यायचा, बग्गी स्वतः जुंपून द्यायचा. बाप असावा तर असा, असं तिला वाटायचं.

हिवाळा सरता सरता मेपलच्या झाडांचा रस काढून पाक करायचे दिवस आले आणि डेल्बर्ट आईला भेटायला आला. जीन्स घालून, केस बारीक कापून. त्याने शब्दच दिला नव्हता, त्यामुळे त्याला कुठेही मज्जाव नव्हता. तो एर्बांच्या घरीही आला. सलोमाच्या आईने, फॅनीने, त्याला टेबलाशी बसवून सफरचंदाची पाई वाढली. लीव्हाय तेवढ्यात गोठ्याकडे निघून गेला. सलोमा उभीच राहिली. तिने विचारलं, न सांगता गेलास ते गेलास, आता इथे तोंड वर करून खायला कसा बसतोस?

डेल्बर्टचा घास हातातच राहिला.

"न सांगता? मी आदल्या संध्याकाळी आलो होतो. तू घरी नव्हतीस, तुझे डॅट धारा काढत होते. त्यांना म्हटलं, माझ्याच्याने होणार नाही. सलोमाला सांगा, मी सकाळी गिरणीपाशी गाडी घेऊन थांबतो, यायचं की नाही ते तिचं तिने ठरवावं. सांगतो म्हणाले. मी उपासना सुरू होईपर्यंत थांबलो. मला वाटलं, तू ठरवलंस."

फॅनीने हातातलं भांडं खाली ठेवलं. तिलाही हे ठाऊक नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

सलोमा गोठ्यात गेली. लीव्हाय गायीच्या बाजूला बसला होता, पण धार काढत नव्हता. त्याने काही नाकारलं नाही. सज्जन माणूस, खोटं कसं बोलेल?

"तुम्ही सांगितलं असतं, तर मी गुडघे टेकलेच नसते," ती म्हणाली.

"म्हणूनच नाही सांगितलं, पोरी."

"बिशप विचारत होते, स्वतःच्या मर्जीने ना. आणि तुम्ही पाणी घेऊन शेजारी उभे होतात."

"तू गेली असतीस. मी तुला वाचवलं."

"वाचवलं नाहीत, डॅट. कोंडलंत. आणि कडी मी स्वतः लावली असं मला वाटू दिलंत."

 सगळा हिवाळा ज्याच्या मायेवर तिने काढला, ती माया कशाची होती, हे तिला आता कळत होतं आणि त्याची शिसारी येत होती.

डेल्बर्ट बाहेर मोटारीपाशी थांबला होता. चल, म्हणाला, अजून वेळ गेलेली नाही. सलोमाने त्याला विचारलं, त्या संध्याकाळी तू शेत ओलांडून शेजारच्या घरी माझ्यापर्यंत का आला नाहीस? तो मान खाली घालून म्हणाला, तिथे सगळे पुरुष बाकं लावत होते, तोंड दाखवायची लाज वाटली.

"म्हणजे तुझी लाज राखायला माझं आयुष्य कामी आलं," ती म्हणाली. "जा तू."

पुढच्या उपासनेनंतर लीव्हायने आपण होऊन सगळ्या मंडळीसमोर गुडघे टेकले आणि चूक कबूल केली. रडला. आमच्याकडे अशा वेळी प्रत्येकाला विचारतात, क्षमा करायला तुमची संमती आहे ना? आणि एकदा केली की तो विषय पुन्हा काढायचा नाही, तोंडातून ब्र काढायचा नाही. प्रश्न बायकांच्या बाकांवर आला तेव्हा सलोमाने आधी बिशपना विचारलं, आणि बाप्तिस्म्याला मी दिलेल्या होकाराचं काय? बिशप टोबायस वाईट माणूस नव्हे.  तो म्हणाला, शब्द तू देवाला दिलास, बापाला नाही, त्यामुळे बापाच्या चुकीने तो सुटत नाही. म्हणजे बापाची चूक तासाभरात धुऊन निघाली, तिच्यातून जे घडलं ते मात्र पोरीच्या गळ्यात कायमचं. हा कुठला न्याय, मला विचाराल तर मी आजही सांगू शकणार नाही.

सलोमाने क्षमेला संमती दिली. मनापासून दिली की कसं, ते तिचं तिला माहीत. त्या आठवड्यात तिने आईला मिठी मारली आणि भर दिवसा, सगळ्यांच्या देखत, कपड्यांची पिशवी घेऊन चालत ग्वेनकडे गेली. ग्वेनने दार उघडलं. पिशवी तिच्या हातातून घेतली.

डीकनचं काम डीकनलाच करावं लागतं. काही दिवसांनी लीव्हायने बग्गी जुंपली आणि ग्वेनच्या पायरीशी आला. टोपी हातात घेऊन, पाठ केल्यासारखा, बिशपचा निरोप त्याने शब्दाला शब्द सांगितला. रविवारपर्यंत परत आलीस तर सगळं माफ. नाही आलीस तर मंडळी तुला वाळीत टाकेल. मग एका टेबलाशी जेवण नाही, तुझ्या हातून काही घेणं नाही, मलाही नाही, तुझ्या आईलाही नाही.

"तुला कळतंय ना, काय होईल ते?" हे शेवटचं बिशपचं नव्हतं, त्याचं स्वतःचं होतं.

"कळतंय. या वेळी सगळं माहीत आहे मला. येणार नाही म्हणून सांगा त्यांना."

"विचार कर, पोरी."

"केलाय, डॅट. चुकला तर माझा मी भोगेन."

लीव्हायने मान हलवली. जायला वळला, पण पाय निघेना. सलोमा आत गेली आणि कॉफीचा मग भरून घेऊन आली. त्याने तो तिच्या हातून घेतला. पायरीवर बसून त्याने ती कॉफी सावकाश संपवली. रिकामा मग पुढे केला आणि म्हणाला, आणखी दे, रविवारला अजून अवकाश आहे.