माझ्या पाठीची हळद

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे; नेमके सांगायचे तर भिंतीचे एक अंग. साखरा गावात, माणिकरावांच्या घरात, मी न्हाणीकडे तोंड करून उभी आहे. माझी पाठ माजघरात आहे. त्या पाठीचा मी जन्मभर हेवा केला.

१९३६ साली आम्हां दोघींना एकाच दगडमातीने रचले, एकाच चुन्याने लिंपले. पण दर दसऱ्याला तिच्यावर चुन्याचा नवा हात फिरे, नागपंचमीला तिच्यावर नाग रेखला जाई. घरात मूल जन्मले की पाचव्या दिवशी तिच्यावरच हळदकुंकवाने सटवाई काढून पूजा होई. माझ्या वाट्याला चुलीचा धूर, साबणाचे शिंतोडे आणि मोरीची ओल. पलीकडे निरांजन ठेवले की त्याची ऊब मातीतून झिरपत माझ्यापर्यंत येई. तेवढ्यावरून मी सण ओळखायचे.

मग घरच्या लेकीचे, चतुराचे, लग्न ठरले. आमच्याकडे पाहुण्याला आधी न्हाणीत पाय धुवायला नेतात, म्हणजे व्याह्यांना प्रथम दिसणार होते मी. माणिकरावांनी हिंगोलीहून हिरव्या तेलरंगाचा डबा आणला. मी चकाकले. वऱ्हाडी माझ्यावर बोट फिरवून पाहत. माझी पाठ मात्र साधी, पांढरी. ते दिवस फार गोड होते.

फार टिकले नाहीत. मोरीच्या फटीतून पाणी माझ्यात चढत असे. पूर्वी ते चुन्यातून हळूहळू उडून जाई. आता तेलरंगाने वाट बंद केली. रंगाला फोड आले, फोडांखाली चुना भुसभुशीत झाला. व्याही यायचे असले की माणिकराव फोड दाबून वरून नवा हात मारायला लावत. कोंडलेली ओल शेवटी पाठीकडे वळली. माजघराच्या पांढऱ्या चुन्यावर पिवळट डाग उमटले, आणि एका पंचमीला घरच्या मालकीणबाईंनी, नर्मदाबाईंनी, काढलेला नाग शेपटीकडून ओघळला. पाठीचे दुःख आपलेच असते म्हणतात. मला मात्र त्या दिवशी थंड, गुपचूप समाधान लाभले.

१९४८च्या चैत्रात चतुरा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिच्या डोहाळजेवणासाठी मला पुन्हा रंगवले होते. एका सकाळी ती न्हात असताना माझा तळहाताएवढा पोपडा सुटला आणि चुन्यासकट घंगाळात पडला. दचकून तिचा पाय सरकला. तिने कसाबसा घंगाळाचा काठ धरला. नर्मदाबाई धावत आल्या. लेक सावरलेली पाहिली, तिला माजघरात नेऊन बसवले आणि खुरपे घेऊन परतल्या.

रंग खरवडल्याचा आवाज ऐकून माणिकराव दाराशी आले.

“व्याही येऊन राहिले बारशाला, अन् तू भिंत सोलून राहिली? काहून?”

“व्याह्यांना भिंत दाखवायची हाय, का लेकीला बराबर न्हाऊ घालायचं हाय?”

“हिंगोलीवरून आणला व्हता म्या तो रंग.”

“रंगानं ओल झाकली. काढली न्हाई.”

माजघरातून चतुरा म्हणाली, “आबा, सासरे इचारतील तर सांगा, रंग घंगाळात हाय, काढून बघा म्हणावं.”

माणिकराव हसले नाहीत, पण खुरपे काढूनही घेतले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीत वर झरोका फोडून घेतला, मोरीची फट चुन्याने बुजवली. चतुराच्या न्हाण्यासाठी परसात तट्ट्याचा आडोसा झाला. मी उघडी, खवल्यांची, कुरूप उभी राहिले. मला वाटले, निदान पाचवीला तरी मला चुना लावतील, सटवाई माझ्यावर काढतील.

मुलगी झाली. माणिकरावांनी पांढरा हात मारून घ्यायचा विषय काढला. नर्मदाबाई म्हणाल्या, आधी वाळू द्या, न्हाई तर पुन्हा तीच तकलीफ. पाचवीला हळद पाठीवरच लागली, तिच्या जुन्या डागांच्या वर. निरांजनाची ऊब आली आणि मी पूर्वीसारखीच जळले. बारशाला व्याही पाय धुवायला आले, माझ्याकडे बघत थांबले. माणिकरावांनी तांब्या उचलला.

“वाळू घातली हाय भिंत,” ते म्हणाले, आणि स्वतः त्यांच्या पायांवर पाणी ओतले.

मित्रांनो, घरातल्या एखाद्या भिंतीला फोड आले तर घाईने रंग चढवू नका. पाणी कुठून येते ते शोधा, तिला वारा द्या, आणि काही दिवस तिचे कुरूप दिसणे सोसा.

पाठीचा हेवा माझ्यातून अजून गेलेला नाही. पण त्या उन्हाळ्यात रोज सकाळी नर्मदाबाई येत, ओल कुठवर उतरली ते पाहायला आपला तळहात माझ्यावर टेकवत, आणि थोडा वेळ तसाच ठेवत. त्या हाताला हळद नसे. तो हात पाठीला कधी मिळाला नाही.