ब्रनोची दुपार अकराची

दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या अनुपमाकडे शुक्रवारी जेवायला बोलावणं आलं, की जाणते लोक घरून थोडं खाऊन निघत. "दुपारी या" म्हटलं तरी तिच्याकडे पानं अकराला मांडली जात, आणि साडेबाराला पोचणाऱ्या पाहुण्याला यजमान बडीशेप चघळताना सापडत.

याचं मूळ होतं ब्रनो. दुबईला येण्याआधी अनुपमा आणि सिद्धांत चार वर्षं चेक प्रजासत्ताकातल्या या शहरात राहिले होते. सिद्धांत तिथे मशीनच्या कारखान्यात इंजिनिअर होता. तिथल्या टेकडीवरच्या चर्चमध्ये बाराचे टोले अकरालाच पडतात. फार पूर्वी स्वीडनच्या फौजेचा वेढा पडला होता. सेनापती म्हणाला, आज दुपारी बारापर्यंत शहर पडलं नाही तर मी निघून जाईन. गावकऱ्यांनी अकरालाच बाराचे टोले वाजवले आणि सेनापती शब्दाला जागून चालता झाला. ही गोष्ट अनुपमाने बिल्डिंगमध्ये सगळ्यांना निदान दोनदा ऐकवली होती.

"म्हणजे अख्खं शहर चीटिंग करून जिंकलं," शेजारचा वसईकर फ्रँक म्हणाला होता.

"हुशारी म्हणतात त्याला," अनुपमा म्हणाली होती.

मूळची ती पुण्याची. प्राग म्हणजे मुंबई आणि ब्रनो म्हणजे पुणं, हे तिने पहिल्या महिन्यातच ठरवून टाकलं. ब्रनोतला दुकानदार गिऱ्हाईकाकडे 'हवं असेल तर घ्या' अशा नजरेने बघतो. ओळख झाल्याशिवाय कोणी हसत नाही. पण एकदा आपलं म्हटलं की मग विचारायला नको. मुलीच्या, आभाच्या, जन्माच्या वेळी घरमालकीण पंधरा दिवस सूपचं पातेलं घेऊन जिने चढत होती. असं गाव सोडून सिद्धांतने २००८ मध्ये जास्त पगारासाठी दुबई गाठली, हे अनुपमाला मनापासून पटलं नव्हतं. इथे कोणी "अच्छा, प्राग साइडला होता का?" असं विचारलं, की ती हातातलं काम ठेवून सांगे, "प्राग नाही. ब्रनो."

आणि मग वर्षाच्या आत मंदीने घर गाठलं. मार्चमध्ये सिद्धांतच्या कंपनीने एका दुपारी चाळीस जणांना मीटिंग रूममध्ये बोलावलं आणि खलास म्हणून सांगितलं. व्हिसा रद्द झाला की महिन्याभरात दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर बिऱ्हाड आवरायचं. एरवी पार्किंगसाठी भांडणारी बिल्डिंग रिकामी व्हायला लागली होती.

त्याच महिन्यात ब्रनोच्या एका मशीन कंपनीने शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात दुरुस्तीचं वर्कशॉप काढायचं ठरवलं. त्यांना एकच इंजिनिअर हवा होता. निवड करायला कंपनीचे व्होंद्रासाहेब तीन दिवसांसाठी दुबईत आले होते. गुरुवारी सिद्धांत इंटरव्ह्यू देऊन घरी आला तो तोंड पाडूनच.

"तो माणूस काही बोलतच नाही गं. मी मशीनबद्दल सांगत राहिलो, तो खिडकीतून बघत राहिला. शेवटी म्हणाला, ब्रनोचं नाव हल्ली सगळेच सीव्हीत टाकतात. त्यात माझ्याशिवाय अजून दोघं उमेदवार आहेत."

"मग त्याला उद्या जेवायला बोलव."

"जॉब मागायचाय अनु, मुंजीचं आमंत्रण नाही द्यायचं."

"मागायचं काय त्यात? ब्रनोचा माणूस गावात आलाय आणि आपल्या घरी जेवला नाही, हे बरं दिसतं का?"

सिद्धांतने बाराची वेळ देऊन बोलावणं केलं आणि साहेब "बरं" म्हणाले.

शुक्रवारी सकाळपासून अनुपमा ओट्याशी उभी होती. बटाट्याचं आणि मशरूमचं सूप, तिथल्यासारखंच, वर मार्जोरमचा सुका पाला चुरडून. नंतर आलुबुखार भरून उकडलेले गोळे, आपल्या मोदकाचे लांबचे नातेवाईक. त्यांच्यावर खरं तर खसखस हवी, पण या देशात खसखस आणायलाच बंदी, म्हणून दालचिनीची साखर. हिल्डा, म्हणजे फ्रँकची बायको, काचेचे वाडगे द्यायला आली तेव्हा साडेदहा वाजले होते आणि टेबल मांडून तयार होतं.

"बाराला येणार ना गेस्ट? तोवर सगळं गार होईल," हिल्डा म्हणाली.

"मी हेच सांगतोय," सिद्धांत म्हणाला. "आजच्या दिवस तरी तुझं ते घड्याळ बाजूला ठेव. प्लीज."

"या घरात शुक्रवारी अकराला जेवण तयार असतं," अनुपमा म्हणाली. "तो येईल तेव्हा येईल."

अकराला पाच मिनिटं असताना बेल वाजली. दारात व्होंद्रासाहेब उभे होते, उंच, पांढऱ्या मिशांचे, हातात तीन फुलं. खाली टॅक्सी थांबवली आहे, ते म्हणाले. विमानाची वेळ अलीकडे आलीये, पाऊण तासात निघायला हवं. इतक्या लवकर कोणाकडेच जेवण तयार नसतं हे ठाऊक आहे, फक्त क्षमा मागायला आलो.

सिद्धांतचा चेहरा उतरला. अनुपमा दारातून बाजूला झाली. आत टेबलावर सूप वाफाळत होतं. साहेबांनी टेबलाकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि खाली वाकून बूट काढले.

बोलणं अर्थात चेकमध्येच चाललं. अनुपमाचं चेक भाजीबाजारातलं होतं, व्याकरणाला धरून नसलं तरी कुठे अडत नसे. साहेब मात्र हूं की चूं न करता खात होते.

"मम्मा, व्हाय इज ही नॉट स्मायलिंग?" चार वर्षांच्या आभाने विचारलं.

"ब्रनोचे आहेत, बाळा. ओळख झाली की हसतील."

साहेबांनी दुसऱ्यांदा सूप घेतलं आणि अनुपमाची जीभ सैल सुटली. ब्रनोच्या बाजारातले बटाटे, ब्रनोच्या ट्रॅम, ब्रनोची माणसं. आणि मग ती प्रागवर घसरली. "तिथे आहे काय? एक पूल, आणि त्याच्यावर हजार टुरिस्ट. सूप म्हणाल तर पाणी. आणि माणसं इतकी आखडू, जणू देश त्यांनीच बांधला."

व्होंद्रासाहेबांनी चमचा खाली ठेवला.

"मी प्रागचा आहे," ते म्हणाले. "जन्म, शाळा, लग्न, सगळं तिथलं. फक्त कंपनी ब्रनोची."

सिद्धांतने टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला, पण आता त्याचा काय उपयोग? अनुपमाचे कान गरम झाले. हातातला एकच महिना, आभाची शाळा, पुण्याला पाठवायच्या सामानाचे खोके, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं. शब्द मागे घ्यायची वेळ अजून गेली नव्हती.

"तुम्ही पाहुणे आहात, तोंडावर बोलायला नको होतं. माफ करा," ती म्हणाली. "पण सूप पाणीच असतं."

मग साहेबांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, मिशांना लागलेलं सूप पुसत हसत होते.

"अकरा वर्षं मी ब्रनोच्या कँटीनमध्ये जेवतोय आणि अकरा वर्षं रोज हेच ऐकतोय. पूल, सूप, आखडू माणसं. याच क्रमाने." ते सिद्धांतकडे वळले. "काल त्या दोघांनी मला ब्रनो किती सुंदर आहे ते सांगितलं. एकाने तर तिथल्या नदीवरच्या मोठ्या पुलाचं कौतुक केलं. तो पूल प्रागचा. मशीनचं काम तुम्हा तिघांनाही येतं. पण वर्कशॉपचा माणूस रोज आमच्या ब्रनोच्या मेकॅनिकांशी फोनवर बोलणार, आणि ते परक्याला सहा महिने सरळ उत्तर देत नाहीत. तुमच्यासारख्या आपल्या माणसाला देतील. एक तारखेपासून शारजाला या."

मग त्यांनी दालचिनीची साखर लावलेले चार गोळे संपवले, आभाशी हात मिळवला, बूट घातले आणि पावणेबाराला टॅक्सीत बसले.

बाराला हिल्डा नवा फ्रॉक घालून पाहुणा बघायला आली. टेबल पुसून झालं होतं.

"आला नाही?" तिने हळूच विचारलं.

"जेवून गेला," अनुपमा म्हणाली. "आणि सिद्धांतला नोकरी देऊन गेला. ब्रनोच्या कंपनीत बरं का, प्रागच्या नाही."

तिला रडू येत होतं आणि मान ताठ होती, दोन्ही एकाच वेळी. सिद्धांत खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळ पुसत होता. त्यावर धूळ नव्हती.

पुढे बिल्डिंग पुन्हा भरली, पार्किंगची भांडणंही परत आली. शारजाच्या वर्कशॉपमध्ये आता सातजण आहेत आणि जेवणाची सुट्टी अकराला होते. वर्षातून एकदा व्होंद्रासाहेब कामानिमित्त येतात आणि शुक्रवारी डिस्कव्हरी गार्डन्सला जेवतात. सिद्धांत त्यांना दर वेळी बाराची वेळ देतो. ते प्रागचे आहेत, पण येतात अकराला.