रेकॉर्डला दाखवलेलं ऊन

इस्त्री काही फार गरम नव्हती. निदान कोंडीरामला तरी तसं वाटलं होतं. त्यानं बोट ओलं करून लावून बघितलं, चर्र झालं नाही, म्हणून वाकड्या रेकॉर्डवर जुना पंचा पसरला आणि कारखान्याच्या युनिफॉर्मची कॉलर दाबावी तशी इस्त्री दाबली. क्षणभर काहीच झालं नाही. मग घरभर जळक्या वायरीसारखा वास सुटला. पंचा उचलायला गेला तर रेकॉर्डही त्याला चिकटून वर आली, आणि तिच्यावरच्या बारीक रेघांच्या जागी नुसता चकचकीत डाग उरला.

"मेलो," कोंडीराम म्हणाला. घरात ऐकायला कोणी नव्हतं, तेवढंच बरं.

तशी ही रेकॉर्ड गेली त्याचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही. जुनी सिनेमाची गाणी होती, ती काय, मोबाइलवरसुद्धा लागतात. दुसरी एक सनईची होती, तीही कोणाच्या लग्नात मागे राहून गेली म्हणून घरात आलेली. पण त्या दोघींच्या शेजारी तिसरी पडली होती, तितकीच वाकडी, आणि ती मोतीबाईची होती.

मोतीबाई म्हणजे कोंडीरामची बायको. तिच्या वडिलांची गायन पार्टी होती. बुद्ध जयंतीला, भीमजयंतीला खालापूर-कर्जतच्या गावागावांतून पेटी-ढोलकी घेऊन ही मंडळी हिंडायची. मोतीबाई सोळा वर्षांची असताना पार्टीनं पदरमोड करून मुंबईला जाऊन एक रेकॉर्ड काढली. पाकिटावरच्या फोटोत दोन वेण्या घातलेली मोतीबाई अगदी कडेला उभी आहे, फोटोग्राफरवर रागावल्यासारखी. मात्र गाण्याची उचल तिची. 'वाटंवर सावली माझ्या भीमानं लाविली', ही पहिली ओळ ती एकटी दोनदा म्हणते, मग बाकीचे झील धरतात. चार वर्षांपूर्वी तिच्या गळ्याची गाठ काढली, आणि आवाज बसला तो बसलाच. आता ती बोलते ते तोंडाशी कान नेऊन ऐकावं लागतं. गाणं तर सोडाच.

त्या रेकॉर्डच्या बाकीच्या प्रती कुठे गेल्या ते पार्टीतल्या उरल्यासुरल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक नाही. मुलगी जागृती दरवर्षी म्हणायची, मोबाइलमध्ये भरून घेऊ. घरची वस्तू घरात आहे, जाते कुठे, म्हणून ते राहूनच गेलं. वर्षातून एकदा, बुद्धपौर्णिमेला, खिरीची वाटी हातात घेऊन ती रेकॉर्ड ऐकायची असा घरचा नेम होता. पौर्णिमा उद्यावर आली होती, आणि नेरळला जागृतीचं नवं घर लावून द्यायला गेलेली मोतीबाई सकाळच्या वंदनेला परत यायची होती.

कोंडीरामनं केलं ते चांगल्या मनानंच केलं होतं. पावसाआधी मोतीबाई घरातल्या सगळ्या वस्तूंना ऊन दाखवायची. गोधड्या, डाळी, मिरच्या, आणि बुरशी येऊ नये म्हणून रेकॉर्डीसुद्धा. यंदा ती घरी नाही, तर आपण करावं, आल्यावर तिला बरं वाटेल, असं त्याच्या मनात आलं. मोहोपाड्याच्या कारखान्यात उभा जन्म पहिल्या पाळीत गेलेला माणूस; निवृत्त झाल्यावर एका सोसायटीच्या गेटवर बसला, तिथंही सकाळपाळीच. ती नोकरी या उन्हाळ्यात सुटली आणि हातांना काम उरलं नाही. मग आदल्या दिवशी त्यानं भर दुपारी बाथरूमच्या पत्र्यावर चादर अंथरली, तिन्ही रेकॉर्डी मांडल्या आणि मधून मधून उलटूनही ठेवल्या. दुपार कलल्यावर बघतो तर तिघींनीही पापडासारख्या कडा वळवल्या होत्या.

सनईची आणि मोतीबाईची अशा दोन्ही रेकॉर्डी पिशवीत घालून तो कर्जतला राजेशकडे गेला. राजेशची साउंड सर्व्हिस होती आणि घरच्या प्लेअरची सुई तोच बदलून द्यायचा.

"काका, इस्त्री?" सगळं ऐकून राजेश म्हणाला. "रेकॉर्डला?"

"युनिफॉर्मला जन्मभर केली रं. मला वाटलं, हिला बी चालंल."

राजेशनं हसू गालातच दाबलं. मोतीबाईची रेकॉर्ड त्यानं डोळ्यांसमोर आडवी धरली, तसा त्याचा चेहरा उतरला. "ही मावशींची ना? पौर्णिमेची?"

"म्हणून तर आलो. उद्या सकाळी ती येतेय."

"माझे बाबा करायचे हे काम. लग्नात लाउडस्पीकर लावायचे ना, मे महिन्यात रेकॉर्डी वाकायच्याच. दोन काचांत घालून बेकरीच्या भट्टीत ठेवायचे, भट्टी उतरली की. पण काका, मी लहान होतो, नुसतं बघितलंय. बिघडली तर मला बोलू नका."

"बिघडायची ती बिघडलीच हाय," कोंडीराम म्हणाला खरा, पण पिशवी काही त्यानं पोटाशी धरलेली सोडली नाही.

फोटोफ्रेमच्या दुकानातून दोन जाड काचा घेतल्या आणि दोघं बेकरीत गेले. सकाळची खारी-बटरं निघून गेली होती, भट्टी संध्याकाळच्या पावासाठी मोकळी होती. भट्टीवरचा दशरथ कपाळाचा घाम पुसत दोघांकडे बघत राहिला.

"खारी भाजली, नानकटाई भाजली," तो म्हणाला. "गाणं नाय भाजलं कधी."

त्यानं भट्टीत हात घालून बघितला. हात सुखानं आत राहील एवढीच ऊब उरली की सांगतो म्हणाला, आणि तशी ती उरल्यावर आधी सनई आत गेली. दोन काचांच्या मध्ये रेकॉर्ड, वर लोखंडी ट्रे. काही वेळानं बाहेर काढली तर काचेतून बघताना ताटासारखी सपाट दिसत होती. राजेश खूश झाला आणि त्यानं फडक्यानं धरून वरची काच उचलली. तिघांच्या डोळ्यांदेखत रेकॉर्डनं एक कड हळूच वर केली, मग दुसरी. दुधावरची साय आकसावी तशी ती पुन्हा वळली, पहिल्यापेक्षा थोडी जास्तच.

मोतीबाईची तेवढी घेऊन सरळ घरी जावं, वाकडी तर वाकडी, निदान आहे तरी, असं कोंडीरामला वाटलं. मग त्याला एकदम कारखान्यातला प्रेस आठवला.

"राजेश, आमच्याकडं प्लॅस्टिकची शीट निघायची ना, ती वजनाखाली निवल्याबिगर कोणी उचलायची नाय. नवं पोरगं घाई करायचं नि शीट वाकडी व्हायची. मग सुपरवायझर त्याच्या सात पिढ्या काढायचा."

"हे आधी नाय का सांगायचं, काका?"

"आता आठवलं ना. रेकॉर्ड बी प्लॅस्टिकच असती, हे कुठं डोक्यात होतं? माझ्या डोक्यात ते गाणं होतं."

आता मोतीबाईची रेकॉर्ड काचांत ठेवायची होती. राजेशनं ती मऊ कापडानं पुसली, कोंडीरामनं पुन्हा पुसली. भट्टीचं दार लागलं, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. जागृती होती.

"बाबा, आई ऐकत नाय. उद्यापर्यंत थांब म्हटलं, तर आताच निघाली. म्हणते, खिरीला दूध कोण घेऊन ठेवणार?"

"मी घेतो ना दूध."

"ते मी पण म्हटलं. हसली नुसती."

कोंडीरामनं फोन ठेवला. थोड्या वेळानं दशरथ भट्टीच्या दाराशी घुटमळू लागला. "काका, मला आता भट्टी पेटवायला लागंल. पाव नाय निघाला तर मालक मलाच पेटवील."

मग मधला मार्ग निघाला. काचा तशाच्या तशा, न उघडता, गोणपाटात गुंडाळून बाहेर काढल्या. कोपऱ्यात फळीवर ठेवल्या, वर ट्रे, ट्रेवर मैद्याची अर्धी गोण. राजेश म्हणाला, "तुम्ही घरी जा, मावशी येतील. मी उद्या आणून देतो."

"मी हाय हितंच," कोंडीराम म्हणाला आणि अंड्यांवर कोंबडी बसावी तसा गोणीशेजारी पाट घेऊन बसला.

बसल्या बसल्या त्याला भीती वाटत होती, आणि ती कशाची ते त्याला पक्कं माहीत होतं. बायको रागावेल याची नव्हे. मोतीबाई रागावली तरी आता आवाज निघत नाही, हेच तर दुःख होतं. तिचा होता नव्हता तो आवाज त्या काचांत होता, आणि तो आपण आपल्या हातानं पत्र्यावर टाकला होता. पहाटे उठायचं म्हणून तो रात्री लवकर आडवा व्हायचा, तेव्हा मोतीबाई भांडी घासताना गुणगुणायची. तिचं गाणं त्यानं अर्धं झोपेतच ऐकलं होतं. छान गातेस, असं जागेपणी कधी म्हणाल्याचं त्याला आठवेना.

दोनदा राजेशनं काचेकडे हात नेला आणि दोनदा कोंडीरामनं तो बाजूला केला. शेवटी काचा पार गार लागल्यावर त्यानं स्वतःच वरची काच उचलली. रेकॉर्ड हलली नाही. शहाण्या लेकरासारखी पडून राहिली.

राजेशनं ती डोळ्यांसमोर फिरवली. "कडेला बारीक लहर राहिलीय. पण सुई जाईल बहुतेक. दुकानात लावून बघू?"

"नको," कोंडीराम म्हणाला. "जे काय असंल ते तिच्याच म्होरं."

तो परत पाटावर बसला. दशरथनं चहा आणला, वर दोन खाऱ्या ठेवल्या. इतकी गोड खारी आपण कधी खाल्ली नव्हती, असं कोंडीरामला वाटलं.

बेकरीच्या कागदात गुंडाळलेली रेकॉर्ड घेऊन तो घरी पोचला तेव्हा मोतीबाई ओट्यावर पाय पसरून बसली होती. बाजूला दुधाचं पातेलं झाकून ठेवलेलं. त्याला आठवलं की आपण दूध आणलेलं नाही.

"रेकॉर्डी कुठं गेल्या?" तिनं विचारलं. ओठांच्या हालचालीवरूनच त्याला कळलं.

त्यानं पुडकं पुढे केलं. तिनं कागद सोडला, रेकॉर्ड हातात धरली आणि नाकाशी नेली. मग त्याच्याकडे बघितलं. "हिला खारीचा वास कसा?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. कोंडीराम तिच्यासमोर उकिडवा बसला. "मी ऊन दाखवलं. वाकडी झाली. मग बेकरीत नेली."

"कुठं दाखवलं?"

"बाथरूमच्या पत्र्यावर. दुपारचं."

मोतीबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "दुपारचं? अवो, मी कोवळ्या उनात ठेवायची. हितं, ओट्यावर. तुळईची सावली हटली की ठेवायची, नि ऊन चटकायच्या आत घरात घ्यायची."

"मला काय ठावं? तू रात्री सांगायचीस, आज रेकॉर्डींना ऊन दाखवलं. मी म्हटलं, ऊन म्हंजी ऊन."

"तुमाला कसं ठावं असणार," ती कुजबुजली. "सकाळी कधी घरात होतात तुमी?"

तक्रार नव्हती त्यात. दुधाचा भाव सांगावा तसं ती बोलली. पण कोंडीरामला ते आत कुठेतरी लागलं, कारण खरं होतं. आपल्याच ओट्यावर सकाळचं ऊन कसं येतं, ते या माणसानं कधी थांबून पाहिलं नव्हतं.

"वाजती का?" तिनं विचारलं.

"बघितलं नाय. हिंमत झाली नाय."

"मग उद्यापातुर कशाला थांबायचं?"

त्यानं प्लेअर उघडला. रेकॉर्ड ठेवली, फिरू दिली. कडेची ती बारीक लहर वर-खाली होताना दिसत होती आणि तिच्यासोबत सुईही होडीसारखी वर-खाली होऊ लागली. खरखर झाली, पेटीचे दोन सूर आले.

'वाटंवर सावली...' सोळा वर्षांची मोतीबाई गाऊ लागली. स्वच्छ, तापट, फोटोतल्या चेहऱ्यासारखाच आवाज. फक्त ओळीच्या शेवटाला तो हलला. पूर्वी सरळ जाणारा सूर लहरीवर चढून हळूच उतरला. दुसऱ्यांदा ओळ आली, तेव्हाही तसाच. मग झील लागली, सुई आत सरकली आणि पुढचं गाणं जसंच्या तसं वाजत राहिलं.

कोंडीरामचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. "तुझी ओळ हलली गं," तो म्हणाला. "तेवढीच बिघडली बघ."

मोतीबाईनं हातानं त्याला गप्प केलं आणि जवळ बोलावलं. त्यानं कान तिच्या तोंडाशी नेला.

"बाबा लय पाठी लागायचे," ती म्हणाली, "ओळीच्या शेवटाला मुरकी घे, सूर जरा हलव म्हणून. रडले मी, पण कधी जमली नाय. गाडी मुंबईला पोचंपातुर बोलत होते मला." ती थोडी थांबली, दम खाल्ला. "आता बघा. घेतली की नाय?"

आणि ती हसायला लागली. तिचं हसणंही आता बिनआवाजाचं झालं होतं, नुसते खांदे हलायचे. कोंडीरामला आधी कळेना, मग तोही हसू लागला, मोठ्यानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. गाणं संपलं, तशी त्यानं न सांगता सुई उचलून पुन्हा कडेला ठेवली.

"छान गातेस," तो म्हणाला.

मोतीबाईनं ऐकलं की नाही कोण जाणे. तिनं डोळे मिटले होते आणि पातेल्याच्या झाकणावर बोटांनी ठेका धरला होता. ओळीचा शेवट जवळ आला तशी तिची मान, सुरासोबत, किंचित वळली.