लातूरला नेतो म्हणून

लातूर जिल्हा झाला, हे मलप्पाला कुणी पटवून देऊ शकलं नाही. त्याला कारणही तसंच होतं.

पावसानं पाठ फिरवली त्या साली गावात एकाच विहिरीला पाणी होतं. त्यात कुणीतरी विष कालवतंय, असं मलप्पाच्या मनानं घेतलं. काठी घेऊन तो विहिरीवर बसला. बायांना घागर बुडवू देईना. तेव्हा थोरला भाऊ गुरुलिंग, त्याचा अण्णा, गोड बोलला, लातूर जिल्हा झालाय, चल, सोहळा बघून येऊ. मलप्पा धुतलेलं धोतर नेसून जीपमध्ये बसला. जीप लातुरात थांबलीच नाही. थेट पुण्याकडं, वेड्यांच्या इस्पितळात गेली. तिथं दोघांनी दाबून धरून सुया टोचल्या. दिवाळी उलटल्यावर तो घरी आला, जीभ जड, हात थरथरत.

मग त्यानं गोळ्या उकिरड्यात टाकल्या. बायको उमाबाईनं ताट वाढलं की आधी तिला घास खायला लावायचा. पुढच्या उन्हाळ्यात त्याची झोप उडाली, विहिरीकडं फेऱ्या सुरू झाल्या. गुरुलिंगनं पुन्हा जीप सांगितली.

उमाबाई नवऱ्यापुढं येऊन बसली.

"लातूरला डॉक्टर हाय. यायचं का न्हाई, तुम्ही सांगा."

ही नवीन युक्ती, मलप्पाला वाटलं. "अन् न्हाई म्हणलो तर?"

"तर अण्णा जीपमधी घालतील. मी लपवून काय करू?"

एवढी एकच गोष्ट त्याला खरी वाटली. जायचं तर यष्टीनं, अण्णाला न घेता, असं त्यानं बजावलं. वाटभर तो दाराजवळ बसून प्रत्येक गावाची पाटी वाचत होता.

डॉक्टरनं उमाबाईला विचारलं, झोपतात का हे? ती म्हणाली, त्यांनाच विचारा. तेवढ्यात शिपायानं दार लावलं, तसा मलप्पा ताडकन उठला. उमाबाईनं त्याला धरलं नाही. जाऊन दार उघडलं आणि तिथंच उभी राहिली.

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. "सुई नको. जीभ जड करती ती गोळी बी नको. दुसरी असंल तर दाखवा."

डॉक्टरनं दुसरी दाखवली, तिनं काय काय होईल तेही सांगितलं. मलप्पानं तेच पुन्हा विचारलं. उत्तर बदललं नाही, तेव्हा पुडी घेतली आणि स्वतःच्या खिशात घातली.

घरी पोचले तेव्हा दारात जीप उभी होती, जीपपाशी गुरुलिंग.

"अण्णा, जीप परत धाड," मलप्पा म्हणाला. "गोळी मी घेणार हाय."

गुरुलिंगनं उमाबाईकडं बघितलं. ती घरात निघून गेली, तेव्हा त्याला मलप्पाकडंच बघावं लागलं.