शेजारची जागा

वारा ज्या काठाला लागतो तिथे उभं राहायचं, हे आमच्या तलावावर शेंबडं पोरही सांगेल. वाऱ्याने किडे तिकडे जातात आणि किड्यांमागे मासे. गुरुवारी टँकरने ट्राउट मासे सोडले होते, शनिवारी पश्चिमेचा वारा. म्हणजे जागा एकच, बांधाच्या भिंतीजवळचा कोपरा. आणि तिथे अर्थातच ग्विलिम प्रॉसर ठाण मांडून होता. ऐंशीचा म्हातारा, पण जागा सोडेल तर शपथ.

कुणाच्या शेजारी उभं राहायचं तर आधी विचारावं लागतं. मी आणि ग्विलिमला विचारणार? मागे एकदा विचारलं तर म्हणाला, "ये की आयर्लिस, माशांनाही जरा करमणूक हवी." त्यापेक्षा मी ओढ्याच्या तोंडाशी गेले.

आमच्याकडे सप्टेंबरात, उन्हाळ्याच्या शेवटी, पाणी बरंच मागे हटलेलं असतं. चिखल वरून वाळून टणक दिसत होता. दगड संपले, थोडी पुढे गेले आणि गुडघ्यापर्यंत आत रुतले. उजवा पाय ओढला तर डावा मांडीपर्यंत गेला. माझी छातीपर्यंतची रबरी विजार चिखलाने जी धरली ती सोडेचना. हललं की आणखी खाली.

फोन गाडीत. तलावावर दुसरं कुणी नाही, फक्त हाकेच्या अंतरावर ग्विलिम. आणि मी मूर्ख बाई, हाक मारली नाही. त्याने हात केला तर मीही हसून हात केला! वर गळ टाकत राहिले, सगळं ठीक दिसावं म्हणून. चिखल कमरेला लागला, तरी आपली टाकतेच आहे.

तेवढ्यात मासा लागला. रॉड वाकला. ते पाहून ग्विलिमने चंबूगबाळं उचललं आणि निघाला.

"आयर्लिस! शेजारी आलो तर चालेल का गं?"

"नको! तिथेच थांबा!"

"बघा बाईचा तोरा! तलाव काय तुझ्या बापाने खणलाय?"

दगड ओलांडून त्याने चिखलावर पाय ठेवला. आता हाही रुतला तर आम्हाला काढायला कोण येणार? रॉड हातातून सुटला.

"ग्विलिम, मी अडकलेय! खाली जातेय मी! भीती वाटतेय हो मला!"

तो जागच्या जागी थिजला. पाय हळूच मागे घेतला. मग तो ऐंशीचा माणूस चिखलावर पालथा पडला आणि मासा उचलायच्या हातजाळीचा लांब दांडा त्याने माझ्याकडे सरकवला.

"विजारीचे खांद्यावरचे पट्टे सोड. आता मागे रेल. घाबरू नकोस पोरी, रेल मागे. केव्हापासून अडकलीयस?"

"तुम्ही हात केलात ना, त्याच्याही आधीपासून."

"मला वाटलं, तुला चांगली जागा सापडलीय," तो म्हणाला. "म्हणून इतका वेळ मुद्दाम तिकडे फिरकलो नाही गं."

दांडा मी घट्ट धरला, पण तो त्याच्या ओल्या हातातून निसटत होता. मी ओरडले, "सोडू नका!"

"नाही सोडत. पण तू गप्प बसू नकोस. शिव्या घाल मला, पण आवाज येऊ दे."

मी रडत रडत तोंडाला येईल ती शिवी दिली. प्रत्येक शिवीला तो "हां, अजून" म्हणायचा आणि ओढायचा, विजार चिखलातच राहून माझे अनवाणी पाय बाहेर येईपर्यंत.