भरतीकाठीला बांधलेला दोर

मला दोर बांधण्यात बोटवाल्या एवारिस्तो बारियाचा फायदा किती होता, ते आधी सांगून टाकते. बोट बांधायचा खरा खांब खाडीच्या पलीकडच्या टोकाला होता. तिथून तळावर यायचं म्हणजे शेवाळलेल्या दगडांवरून, बर्फासारख्या पाण्यात पाय बुडवत यावं लागे. मला बोट बांधली की सपाट खडकावर सरळ उडी मारता येई. मोजे कोरडे राहत, आणि बटाट्याचे मिलकाओ तव्यावरून उतरताच पानात पडत. नफा म्हणाल तर एवढाच.

मित्रांनो, मी भरतीची काठी. आता जुनी झाले आहे, पण कुजलेली नाही; दक्षिण चिलीतलं आलेर्सेचं लाकूड पाण्यात सहजी कुजत नाही. पुंता आरेनासच्या एका सुताराने मला रंधा मारला, पांढरा रंग दिला, काळे आकडे काढले आणि छातीवर एक लाल पट्टी ओढली. ब्रश धुताना तो म्हणाला, "पोरी, तुझं बरं आहे. तुला नुसतं सरळ उभं राहायचंय." ज्याला एखादं काम सोपं वाटतं त्याने ते केलेलं नसतं, हे मला पुढे कळलं.

मला जहाजातून दक्षिण ध्रुवाकडच्या आमच्या तळावर नेलं आणि खाडीतल्या खडकात खिळवलं. नेलिदा ओयार्सून नावाच्या बाई समुद्राची पातळी मोजत. पाण्याखाली त्यांचं एक यंत्र होतं. ते आकडे पाठवी, पण ते खरं बोलतंय की नाही, हे माझ्याशी ताडूनच ठरे. आणि मी खरं बोलतेय की नाही, हे ठरे मागच्या खडकातल्या पितळी खुंटीवरून. हंगामाच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा बाई माझी उंची त्या खुंटीशी जुळवून पाहत.

लाल पट्टीचं काम वेगळं. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली एक खडक होता. पाणी माझ्या लाल पट्टीला लागलं की माणसांनी भरलेली लाँच त्यावरून चार बोटं राखून पार होई. पट्टी कोरडी असेल तर लाँच हलवायची नाही, असा तळाचा नियम होता.

समुद्र वर्षागणिक किती चढतो, हे जगाला सांगणाऱ्यांत मीही एक होते. कमांडर मान्सियासाहेब पाहुण्यांना माझ्याशेजारी उभं करून फोटो काढवत. पाहुणे माझ्या खांद्यावर हात ठेवत आणि पक्ष्यांची घाण लागली की तो मलाच पुसत.

खरं सांगू? मी पहिल्या दिवसापासून भित्री होते. समोर हिमनदीचा निळा कडा होता. त्याचा तुकडा सुटून कोसळला की आधी काही ऐकू येत नसे, फक्त पाणी मागे सरे. मग लाट येई. हिवाळ्यात बर्फ मला कंबरेला आवळून वरखाली हिसके देई. पण सगळ्यांत मोठी भीती निराळीच होती. मी वाकडी झाले, तर मला ते सांगता येणार नव्हतं. मला फक्त आकडा दाखवता येतो. खरा असो वा खोटा, तो सारख्याच काळ्या रंगात दिसतो.

एका उन्हाळ्यात एवारिस्तोने पहिल्यांदा मला दोर बांधला, तेव्हा बाई बोटीतच होत्या.

"एवारिस्तो, ही काठी आहे. खांब पलीकडे आहे."

"ती कुठे तक्रार करतेय, बाई? चिलोए बेटावर आम्ही बैलालासुद्धा बोट बांधतो."

"ती करणारच नाही. म्हणून तर मी करतेय."

"मग नेतो तुम्हाला पलीकडे. पाणी गुडघ्याएवढं आहे. मोजे काढून ठेवा."

बाईंच्या दोन्ही हातांत यंत्रांच्या पेट्या होत्या. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, हसल्या आणि सपाट खडकावर उडी मारून उतरल्या. त्यानंतर सगळेच तिथे उतरू लागले. कमांडरसाहेब तर एवारिस्तोच्या खांद्याचा आधार घेऊन उतरत.

एके दिवशी कडा सुटला. पाणी मागे सरलं आणि मी थरथरले. लाट आली, मला बांधलेली लाँच उधळली आणि तिने मला समुद्राकडे ओढलं. पायथ्याशी काहीतरी करकरलं. लाट ओसरली तेव्हा मी पुढे झुकलेली होते. मला वाटलं, आता कोणीतरी ओरडेल. पण माझे आकडे किनाऱ्याकडे होते. किनाऱ्यावरून समोरून पाहणाऱ्याला मी सरळच दिसे. बाई टेकडीवरच्या खोलीतून दुर्बिणीने पाहत, त्याही समोरूनच. बोटीतून उतरणाऱ्यांची नजर पायाखालच्या खडकावर असे; बाजूने नीट बघे तो फक्त बोटवाला. एवारिस्तोने मला पाहिलं, दाताखाली ओठ धरला आणि दोर सोडून निघून गेला. मित्रांनो, तिरपी काठी पाण्यात जास्त लांब बुडते. त्या दिवसापासून मी पाणी आहे त्याहून जास्त दाखवू लागले.

हंगाम संपता संपता, मला खुंटीशी जुळवायच्या आधीच, बाईंच्या पोटात कळा सुरू झाल्या. नर्स कार्कामो म्हणाला, "आंत्रपुच्छ आहे. फुटलं तर माझ्याकडे चिमटे आणि प्रार्थना एवढंच आहे." डॉक्टर शेवटच्या जहाजावर होता, आणि जहाज बर्फ दाटायच्या आत निघणार होतं. बाईंना स्ट्रेचरवरून खडकावर आणलं. खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या. तिथे वल्हं उभं करून खोली बघणंही शक्य नव्हतं. जे काही होतं ते माझ्या शब्दावर होतं.

पाणी लाल पट्टीला लागलं.

"चला," कमांडर म्हणाले.

एवारिस्तो दोराशी चाळा करत राहिला. "थोडं थांबू या, साहेब. अजून चढेल."

"पट्टी भिजली. आणखी काय हवंय तुला?"

"थोडं थांबू या."

स्ट्रेचरवरून बाईंचा बारीक आवाज आला. "एवारिस्तो, तुम्ही कधीपासून सावध झालात?"

मी मनातल्या मनात त्याच्या पाया पडत होते. बोल रे बाबा, मला तोंड नाही, तुला आहे.

"काठी वाकलीय," तो म्हणाला. "लाँचने ओढली. माझ्या दोराने."

जहाजाचा भोंगा वाजला. मग बाई म्हणाल्या, "माथ्यावरून ओळंबा सोडा."

त्याने गळाच्या दोरीला शिसं बांधून माझ्या माथ्यावरून सोडलं. ते पायथ्यापासून दीड हात लांब पडलं. बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, त्या गेल्या. पण त्या हिशेब करत होत्या. "चार बोटं पाणी खोटं आहे," त्या म्हणाल्या. "पट्टीच्या वर चार बोटं येईपर्यंत हलायचं नाही."

आम्ही थांबलो. पाणी एक बोट चढलं. बाई कण्हत होत्या, आणि कण्हतानाच विचारत होत्या, "कोणत्या दिवशी वाकली? तेवढं सांगा. त्याआधीचे आकडे तरी वाचतील."

"दिवस नाही आठवत, बाई. त्या दिवशी मिलकाओ होते."

"मिलकाओ रोजच असतात."

"हो ना," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून त्याने बाहीने नाक पुसलं.

पाणी दुसरं बोट चढलं. मग तिसरं. मग ते थबकलं. मी ताणून ताणून वाट पाहिली, पण भरती संपली होती. एक बोट कमी होतं, आणि आता पाणी उतरणारच होतं.

"ओझं उतरवा," एवारिस्तो म्हणाला. "डबे, नांगर, सगळं. साहेब, तुम्हीसुद्धा."

"मी?"

"तुमचं वजन एका बोटाएवढं सहज असेल."

कमांडर किनाऱ्यावर राहिले. लाँचमध्ये बाई, कार्कामो आणि एवारिस्तो. लाँच तोंडाशी गेली, लाटेवर चढली आणि खाली आली. मग पाण्यावरून एक लांब किंकाळी आली, लोखंड दगडावर घासल्याची. इंजिन बंद पडलं. लाँच तिथेच गोल फिरू लागली. कमांडर गुडघ्यांवर बसले. मी आयुष्यात तेवढी घाबरले नव्हते. आणि मला मानही फिरवता येत नव्हती. दुसरी लाट आली, तिने लाँच उचलली. इंजिन खोकलं, परत खोकलं, आणि लाँच जहाजाच्या दिशेने लहान होत गेली.

बाई वाचल्या. जहाजावरच्या डॉक्टरने सांगितलं, तासाभराचा खेळ होता.

मला उपटून पुंता आरेनासला आणलं. आता मी एका संस्थेच्या दारात उभी असते. शाळेची मुलं येतात, माझ्याशी उंची लावून पाहतात. मित्रांनो, तुम्हीही कधी आलात तर एवढंच करा. जी वस्तू ओरडू शकत नाही, तिच्याकडे एकदा बाजूनेही बघत जा. आणि ज्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं, अशा माणसांत आपण नाही ना, तेही बघा.

आता हिशेब. माझ्या दोरामुळे कोरडे उतरले तळावरचे सगळे. बाईसुद्धा, आणि त्यांनी ते नाकारलं नाही. बरं वाटल्यावर त्यांनी त्या उन्हाळ्याचे सगळे आकडे स्वतःच्या हाताने रद्द केले. माझा समुद्र गेला. एवारिस्तोला पुढच्या हंगामाला कोणी बोलावलं नाही, कारण अहवालात दोषी म्हणून एकच नाव होतं. तो अहवाल लिहिला कमांडरसाहेबांनी. त्यांनी कसलीच किंमत भरली नाही.